स्लॅब ४१ दिवस मागे, संस्थेचं पत्र आलंय. खुलाशात काय लिहू?

कॉलम_सी४ · ९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथे बऱ्याच जणांचे केस साइटवर पांढरे झालेत, म्हणून विचारतोय. लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

कराडजवळ एका शिक्षण संस्थेचं मुलींचं वसतिगृह बांधतोय. तळमजला अधिक दोन, एकेक स्लॅब साधारण ४२०० चौरस फूट. काम २ कोटी ४० लाखांचं, ताबा ३१ मे. मी ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर. डिप्लोमा होऊन सहा वर्षं झाली, पण अख्खी इमारत एकट्याच्या अंगावर पडलीय ती पहिल्यांदाच. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. माणूस चांगला आहे, पण कागदाचा त्यांना भारी कंटाळा.

करारातल्या तारखा: प्लिंथ (जोतं) १० ऑक्टोबर, पहिला स्लॅब १२ नोव्हेंबर, दुसरा २० डिसेंबर, तिसरा २५ जानेवारी. प्रत्यक्षात प्लिंथ झाली ८ नोव्हेंबरला, पहिला स्लॅब १८ डिसेंबरला, दुसरा ३० जानेवारीला. म्हणजे आधी २९ दिवस मागे, मग ३६, आता ४१. तिसऱ्या स्लॅबचे कॉलम काल भरून झाले.

कारणं आहेत. जमीन कृष्णाकाठची काळी. परतीच्या पावसाने फुटिंगचे (पायाचे) खड्डे दोनदा भरले, पंप लावून उपसले. एका कोपऱ्यातल्या चार फुटिंगना दीड मीटरवर कठीण मुरूम लागायचा होता, तो लागला २.७ मीटरवर. स्ट्रक्चरल डिझायनर संस्थेने नेमलेला, त्याचं सुधारित ड्रॉइंग यायला ९ दिवस गेले. मग दिवाळी. सेंटरिंगची (काँक्रीटसाठी साचा उभारणारी) गँग बिहारची, ती छठ करूनच परत येते. प्लिंथ झाल्यावर सचिव सरांना प्रवेशाशी रॅम्प हवा झाला, त्यापायी जिन्याची दिशा फिरली, त्याच्या ड्रॉइंगला ६ दिवस.

आता लाजिरवाणी गोष्ट. दर शनिवारी मी संस्थेच्या ग्रुपवर फोटो आणि दोन ओळी टाकतो. ऑक्टोबरपासून त्या ओळी एकच आहेत: ‘काम जोरात चालू आहे, मागे पडलेले दिवस पुढच्या टप्प्यात भरून काढू.’ फोटो असा काढायचो की रिकामा भाग कॉलमच्या आड जाईल. वाटायचं, खरंच भरून निघेल. तीन महिने वाटतच राहिलं.

परवा पत्र आलं. दर आठवड्याला कामाच्या रकमेच्या अर्धा टक्का, जास्तीत जास्त १० टक्के विलंबशुल्काचं कलम आहे. ते का लावू नये याचा ७ दिवसांत खुलासा करा. म्हणजे आठवड्याला १ लाख २० हजार, कमाल २४ लाख. अण्णांचा या कामातला सगळा नफा तेवढा नसेल.

अण्णांनी तीन गोष्टी सांगितल्या. पत्रात सगळं पावसावर ढकल. बारा मजूर वाढव (वाढवले, आठ दिवस झाले, त्यातले निम्मे सावलीत बसून असतात). आणि दुसऱ्या स्लॅबचे टेकू (खालचे आधार) दहाव्या दिवशी काढून प्लेटा (साच्याचे पत्रे) वर घे. तिसऱ्या गोष्टीने झोप उडालीय. सिमेंट पीपीसी आहे, म्हणजे सावकाश ताकद धरणारं.

नवी तारीख काय देऊ, आणि खुलासा कसा लिहू?

---

पुणेरी_डेडलाइन · ९ फेब्रुवारी, रात्री ११:५८

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे टेकूबिकूंवर तोंड उघडत नाही. पण ‘निम्मे सावलीत बसून असतात’ हे वाचून हसलो, आमच्याकडे ते एसीत बसतात एवढाच फरक. आयबीएमच्या सिस्टिम ३६० चं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की ते आणखी उशिरा होतं. नव्या माणसाला समजावण्यात जुन्याचा वेळ जातो. तुमच्याकडे कारण वेगळं असेल, पण माणसं रिकामी बसत असतील तर तुटवडा माणसांचा नाही, दुसऱ्या कशाचा तरी आहे. तो कशाचा, ते आधी शोधा. तोवर नवी तारीख देऊ नका. घाईत दिलेली दुसरी तारीख चुकली की तिसऱ्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही. हे मी हैदराबादच्या क्लायंटकडून शिकलोय, फी भरून.

---

ओळंबा · १० फेब्रुवारी, सकाळी ६:१०

बांधकाम खात्यात ३४ वर्षं काढून निवृत्त झालो. आता सकाळी फिरायला जातो आणि लोकांच्या इमारतींची क्युरिंग (काँक्रीटवर पाणी मारणं) बघत उभा राहतो, बायको पुढे निघून जाते.

टेकूंचं पहिल्यांदा. आयएस ४५६ मध्ये (काँक्रीटकामाचं भारतीय मानक) साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी दिलंय: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस, त्याहून लांब गाळ्याच्या बीमचे २१. पीपीसी सावकाश ताकद धरतं, त्याला याहून जास्त ठेवायचे. डिझायनरने लेखी किती दिवस दिलेत ते बघा आणि तेवढे ठेवाच. अण्णांना माझं नाव सांगा, शिव्या मी खातो. चुकलेली तारीख खुलाशाने निस्तरता येते, वाकलेला बीम नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे. पहिल्या स्लॅबपासून दुसऱ्यापर्यंत करारात ३८ दिवस, लागले ४३. पाचच दिवस जास्त वाटतात. पण ४२०० फुटांच्या स्लॅबला ३८ दिवस धरले कुणी? कॉलमला ८-९, सेंटरिंगला ११-१२, लोखंडाला ६, कंड्युट (विजेच्या नळ्या) आणि तपासणीला २. सत्तावीस-एकोणतीस झाले. उरलेले दिवस बार चार्ट (कामाचं वेळापत्रक) करणाऱ्याने का ठेवले असतील? मला वाटतं, अण्णांकडे प्लेटा आणि टेकू एकाच मजल्यापुरते आहेत. खालचे सुटेपर्यंत वरचं सेंटरिंग सुरूच होत नाही. मग गँग रिकामी, ती दुसऱ्या साइटवर पळते, आणि प्लेटा सुटल्या तरी गँग सापडत नाही. खरं का? रोजची डायरी काढा आणि कॉलम कधी भरले, बीमचे टेकू कधी सुटले, गँग कधी आली, या तीन तारखा इथे लिहा.

दुसरं, तळमजला. पहिला स्लॅब पन्नास दिवसांचा झाला. खाली वीटकाम सुरू आहे का? तुमच्या लिहिण्यात दिसलं नाही. बारा माणसं सावलीत बसली आहेत आणि सावली तळमजल्याचीच असणार.

खुलाशाचं. आम्ही सरकारी कामात हिंडरन्स रजिस्टर ठेवायचो: अडथळा काय, कधीपासून कधीपर्यंत, दोन्ही बाजूंच्या सह्या. तुम्ही ठेवलेलं नाही हे वाचतानाच कळलं. आता मागून रजिस्टर बनवू नका, एकाच पेनाने एकाच हाताने लिहिलेलं रजिस्टर ओळखू येतं. जे कागद त्या त्या दिवशीचे आहेत तेच गोळा करा. ड्रॉइंग मागितल्याचा मेल, ते आल्याचा मेल, व्हिजिट बुकातली आर्किटेक्टची सूचना, खड्ड्याचे तारखेसकट फोटो, पंपाच्या भाड्याची बिलं.

मग प्रत्येक दिवस कुणाच्या खाती पडतो ते ठरवा. डिझायनरचे ९ दिवस संस्थेचे. खोल मुरूम कुणालाच ठाऊक नव्हता, त्याची जास्तीची खोदाई मुदतवाढीत बसते. पाऊस बसत नाही, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात कऱ्हाडला पाऊस पडतो हे निविदा भरताना अण्णांना माहीत होतं. दिवाळी तर कॅलेंडरातच छापलेली असते. आणि रॅम्पचे सहाच्या सहा दिवस मागू नका, त्यातले काही दिवस तुमची गँगच छठला होती. ड्रॉइंग हातात असतं तरी लावलं कुणी असतं? ते दिवस दोघांचे. मागाल तर संस्थेचा वकील नेमकं तेच पान उघडेल आणि बाकीचे खरे दिवसही संशयात जातील.

कायद्याचं एकच सांगतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ५५ वाचा, आणि ७४ सुद्धा. मुदतीनंतरचं काम भरपाई मागण्याची सूचना न देता स्वीकारलं तर पुढे काय, ते पहिल्यात आहे. करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते, त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते, ते दुसऱ्यात. हे वाचून ठेवा, पण पहिल्याच पत्रात फेकू नका. कलमं फेकली की समोरचाही कलमंच फेकतो, आणि इमारत तशीच उभी राहते, तीही अर्धी.

---

रनिंग_बिल · १० फेब्रुवारी, सकाळी ९:४५

ओळंबा काकांबद्दल आदर आहे, पण खात्यातून बघणं वेगळं आणि खिशातून बघणं वेगळं. मी इचलकरंजीत ठेकेदारी करतो. ‘सात दिवस आमच्यामुळे गेले’ असं लेटरहेडवर लिहून दिलं की ते कायमचं तुमच्या गळ्यात. पुढच्या बिलातून कापून घेतील आणि हसतील. मी असतो तर ड्रॉइंग, मुरूम आणि रॅम्प एवढंच लिहिलं असतं. आपल्या चुकांवर गप्प. खोटं बोलायचं नाही, पण मागितलेलं नसताना द्यायचंही नाही.

आणि मुदतवाढ मागताना पैसे राखून ठेवल्याची (जास्तीच्या खर्चावरचा हक्क सोडलेला नाही अशी) ओळ टाका. जास्तीच्या खोदाईचं आणि काँक्रीटचं एक्स्ट्रा आयटमचं बिल दिलंत का? नसेल दिलं तर आजच द्या.

---

हेडबाई · १० फेब्रुवारी, दुपारी १:३०

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेय. एका निवासी शाळेची मुख्याध्यापिका होते, आमच्याही वसतिगृहाचं काम असंच रखडलं होतं. तुम्ही सगळे इंजिनिअर ३१ मे, ३१ मे करताय. संस्थेच्या डोक्यात ३१ मे नसतो.

आमच्या डोक्यात काय असतं सांगते. साधारण एप्रिलमध्ये पालक विचारायला लागतात, मुलीला ठेवायची सोय आहे का? ‘हो’ म्हणून शुल्क घेतलं आणि जूनच्या मध्यात शाळा उघडताना खोल्या नसल्या, तर साठ मुलींना ठेवायचं कुठे? गावात भाड्याने घर घ्यायचं तर ते मार्चमध्येच बघावं लागतं, नंतर मिळत नाही. म्हणजे संस्थेला खरी तारीख हवी आहे ती ताब्याची नाही, निर्णय घेण्याची. मार्चअखेर त्यांना पक्कं कळलं पाहिजे की किती खोल्या मिळणार. सगळ्या नाही म्हणालात तरी चालेल. मी सांगते, चालतं. ‘तळमजला आणि पहिला मजला १० जूनला, दुसरा मजला जुलैत’ असं कुणी मला तेव्हा लेखी दिलं असतं तर मी त्याला पेढे दिले असते. आम्हाला मात्र मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कळलं. मुलींना दीड महिना सभागृहात झोपवलं. पाऊस, ओले कपडे, एक न्हाणीघर. त्या ठेकेदाराशी मी आजही बोलत नाही, आणि ते उशिरामुळे नाही.

सचिव सरांना जाऊन भेटा. पत्र नंतर द्या.

---

ओळंबा · १० फेब्रुवारी, दुपारी २:०५

बाईंना नमस्कार. चौतीस वर्षांत हे मला एकाही मुख्याध्यापकाने सांगितलं नाही. बहुधा मी विचारलंच नसेल.

एक जोडतो. दुसऱ्या मजल्याचं फिनिशिंग मागे ठेवा, पण त्याच्या डोक्यावरचा स्लॅब मागे ठेवता येणार नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाआधी झालंच पाहिजे. मेअखेरीस रोहिणीचा वळीव गाठतो. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), त्यावर पाणी साठवून चाचणी, हे सगळं मेच्या मध्यापर्यंत. नाहीतर खालच्या दोन मजल्यांचा रंग पहिल्याच पावसात वाया.

रनिंग_बिल यांना: तुमचं एक्स्ट्रा आयटमचं बरोबर. गप्प राहण्याचं नाही पटत. संस्थेच्या ग्रुपवर दर शनिवारचे फोटो आहेत, मुलगा कितीही कॉलमच्या आडून काढो. दिवाळीतली सामसूम त्यांनीही बघितलीय.

---

कॉलम_सी४ · १० फेब्रुवारी, रात्री १०:४०

काका, डायरी काढली. पहिला स्लॅब १८ डिसेंबर. कॉलम पूर्ण २७ डिसेंबर. बीमचे टेकू डिझायनरच्या सांगण्याप्रमाणे १६ दिवसांनी, ३ जानेवारीला सुटले. गँग तोवर उंब्रजच्या साइटवर गेली होती, परत आली ११ जानेवारीला. म्हणजे २७ ते ११ या पंधरा दिवसांत त्या स्लॅबवर काहीच झालं नाही. सात दिवस प्लेटांनी खाल्ले, आठ गँगने. माझ्या डायरीत त्या पंधरा पानांवर ‘साइट सफाई, किरकोळ कामे’ लिहिलंय. माझंच अक्षर.

प्लेटांचा सेट एकच आहे, बरोबर ओळखलंत. आणि तळमजल्यावर वीटकाम नाही, सिमेंटच्या गोण्या आणि माझी मोटरसायकल आहे.

एक्स्ट्रा आयटमचं बिल अजून दिलेलं नाही. उद्या करतो.

---

पुणेरी_डेडलाइन · ११ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

‘साइट सफाई, किरकोळ कामे’ :) आमच्याकडे याला ‘रिफॅक्टरिंग’ (जुन्या कोडची आवराआवर) म्हणतात.

एक सुचवतो. शनिवारच्या मेसेजमधून ‘जोरात’, ‘अंतिम टप्प्यात’, ‘८० टक्के’ हे शब्द काढूनच टाका. ज्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही असेल तेवढंच लिहा. स्लॅब भरला का? बीम सुटले का? तळमजल्याच्या किती खोल्यांचं वीटकाम छताला लागलं? कोकण रेल्वेच्या कामावर तिथले प्रमुख श्रीधरन यांनी उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळं लावली होती म्हणतात, तसा बोर्डही लावता येईल गेटवर.

---

ओळंबा · ११ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

बोर्ड लावा, पण त्याच कोकण रेल्वेचं पुढचंही लक्षात ठेवा. १९९० ला काम सुरू झालं आणि रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सगळा मार्ग जोडला गेला १९९८ साली. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत होती, तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. त्यांनी बाकीचे भाग तयार होतील तसे वाहतुकीला खुले केले, सगळा मार्ग बोगद्यासाठी अडवून धरला नाही. हेडबाई म्हणाल्या तेच.

---

कॉलम_सी४ · ६ मार्च, रात्री ९:३०

काय झालं ते सांगायला उशीर झाला. (इथेही.)

अण्णांना घेऊन ११ तारखेलाच सचिव सरांकडे गेलो. अण्णा वाटेत म्हणत होते, तूच बोल, मला जमायचं नाही. मी डायरीची झेरॉक्स घेऊन गेलो होतो. प्लिंथच्या २९ दिवसांची फोड अशी केली: ९ ड्रॉइंगचे, ५ जास्तीच्या खोदाईचे, ८ पावसाचे, ७ आमचे. पावसाचे आणि आमचे मागितलेच नाहीत. रॅम्पच्या सहापैकी चार दिवस गँग छठला होती, म्हणून दोनच मागितले. एकूण १६ दिवसांची मुदतवाढ. पैसे राखून ठेवल्याची ओळ टाकली, खोदाईचं बिलही सोबत जोडलं. रनिंग_बिल दादा, धन्यवाद.

सरांनी डायरीतली ती पंधरा पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘हे डिसेंबरात सांगितलं असतंत तर आम्हीच आमच्या ओळखीने प्लेटा बघून दिल्या असत्या.’ अण्णा खाली बघत होते, मी भिंतीवरच्या संस्थापकांच्या फोटोकडे.

मग हेडबाईंनी सांगितलेलं विचारलं, की तुम्हाला किती खोल्या कधी कळायला हव्यात? सर एकदम खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्याकडे ५२ मुलींची चौकशी आलेली होती. तळमजला आणि पहिला मजला मिळून ५६ खाटा होतात. दहा मिनिटांत ठरलं: हे दोन मजले १० जूनला, दुसरा मजला १५ जुलैला, आणि ३१ मार्चला आम्ही दोघांनी साइटवर फिरून १० जून जमणार की नाही ते लेखी सांगायचं. नाही म्हटलं तर संस्था भाड्याचं घर घेणार आणि त्याचं भाडं अण्णांनी भरायचं. अण्णा हो म्हणाले. गाडीत बसल्यावर घाम पुसला.

मुदतवाढ १४ दिवसांची मंजूर झाली. रॅम्पचे दोन दिवस त्यांना मान्य नाहीत, कागद अजून फिरतोय. विलंबशुल्क माफ नाही, पण ते दुसऱ्या मजल्याच्या किमतीपुरतंच मोजायचं असं चाललंय. लेखी आलेलं नाही.

प्लेटांचा दुसरा सेट भाड्याने आणला, महिन्याला ५२ हजार. अण्णांना ही रक्कम ऐकून ठसका लागला. आठवड्याचे १ लाख २० हजार समोर लिहिले तेव्हा गप्प झाले. गँगच्या मुकादमाला अडवून ठेवायला बिनकामाच्या दोन दिवसांचीही हजेरी दिली. बारा मजुरांतले सात वीटकामाला लावले, बाकीचे परत पाठवले. तळमजल्याच्या चौदापैकी नऊ खोल्या छताला लागल्या आहेत. दुसऱ्या स्लॅबचे टेकू सोळा दिवस होते तिथेच होते, कुणी हात लावला नाही.

तिसरा स्लॅब ३ मार्चला ठरला होता, आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी मलकापूरच्या वाहतुकीत अडकली आणि प्लांटवाल्याने दुपारी दुसरा दिवस दिला. ४ मार्चला भरला. करारातल्या तारखेपासून ३८ दिवस मागे. ४१ चे ३८. ऑक्टोबरपासून हा आकडा पहिल्यांदा खाली आला. शनिवारच्या मेसेजमध्ये एवढंच लिहिणार आहे: ‘तिसरा स्लॅब भरला: हो. ३ तारखेला भरला: नाही, ४ ला.’ फोटो या वेळी रस्त्याच्या बाजूने, जिथून सगळा राडारोडा दिसतो.

काका, एक राहिलं. ब्रिकबॅट कोबा करणारा कारागीर मिळालाय, पण तो निम्मे पैसे आधी मागतोय आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याआधी येणार नाही म्हणतो. थांबू, की दुसरा बघू?